जरा दमानं!

प्रश्न : वय 43. तीन महिन्यांपासून रोज 5 किलोमीटर पळतो, कालच्यापेक्षा आज वेगात. आता नडग्या ठणकतात, गजर वाजला की नकोसं होतं. साताऱ्याची हाफ मॅरेथॉन करायची आहे. (नाशिक)

रोज परीक्षाच दिलीत तर अभ्यास कधी करणार?

आधी नडग्यांचं बघू. सराव सुरू केला की काही आठवड्यांत दम पुरायला लागतो. हाडांना आणि टेंडनना (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना) तेवढ्यासाठी महिने लागतात. दम आहे म्हणून आपण वेग वाढवतो आणि पावती नडगीच्या नावाने फाटते. सध्या पळणं बंद, फक्त चाला, तेही दुखत नसेल तरच. हाडावर एका ठरावीक जागी बोट दाबलं की कळ येत असेल किंवा रात्री पडल्यापडल्या ठणकत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते. ते अंगावर काढायचं दुखणं नव्हे.

पुन्हा पळायला लागाल तेव्हा घड्याळ घरी ठेवा. सोबत कुणी असेल तर पूर्ण वाक्यांत गप्पा मारता आल्या पाहिजेत. एकटे असाल तर पाढे म्हणा. 'बे चोक आठ'च्या मध्येच श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे. बागेतले आजोबा भराभर चालत तुमच्या पुढे जातील. जाऊ द्या! आठवड्यात चारच दिवस पळा. जोरात पळायचा दिवस दोन महिन्यांनी, आणि तोही आठवड्यातून एकदाच.

साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात जवळजवळ अर्धी शर्यत चढाची आहे. पहिल्या वर्षी मी त्या चढावर ऐटीत लोकांना मागे टाकत गेले. उतरताना मांड्या अशा लटपटायला लागल्या, की तीच माणसं एकेक करून माझ्या पुढे गेली. एका काकूंनी तर जाताजाता हात हलवला. त्या चढ चालत चढल्या होत्या.

प्रश्न : रात्री साडेअकरापर्यंत परदेशातल्या टीमबरोबर कॉल, पहाटे 5 ला जिम. झोप पाच तास, दिवस चहावर निघतो. तब्येतीत काही फरक नाही. माझी शिस्त कमी पडते का? (हिंजवडी, पुणे)

उलट शिस्त जास्त झालीय. व्यायामात शरीर झिजतं आणि झोपेत भरून येतं, आणि तुम्ही नेमकी झोपच कापताय. उशिरा कॉल असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची जिम रद्द. संध्याकाळी कॉलच्या आधी अर्धा तास जमवा.

कामाचं म्हणाल, तर तुमच्याच शहरातून जाणारी माउलींची पालखी बघा. आळंदीहून आल्यावर पुण्यात दोन मुक्काम, मग दिवे घाटाचा लांबलचक टप्पा, आणि सासवडला पुन्हा दोन मुक्काम. अवघड टप्प्याच्या अलीकडे-पलीकडे विसावा आधीच ठरलेला असतो, घाट चढून दमल्यावर तो कुणी मागत नाही. रिलीजचा, म्हणजे नवं सॉफ्टवेअर बाहेर पडायचा आठवडा हा तुमचा दिवे घाट. तो चुकत नाही, पण नंतरच्या दोन दिवसांची रजा आजच कॅलेंडरवर टाका. रिलीज झाल्यावर मागायला गेलात, तर पुढचा रिलीज दारात उभा असतो.

प्रश्न : वय 61. मोबाइल रोज 10,000 पावलं मागतो, मी 6,000 वरच थकते. (कोल्हापूर)

मोबाइलचं फार मनावर घेऊ नका. तो आकडा पसरला 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या एका यंत्रापासून. यंत्राच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. जागतिक आरोग्य संघटना पावलं मोजायला सांगत नाही. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करा, असं सांगते. मध्यम म्हणजे रंकाळ्यावर मैत्रिणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. पायांतली ताकद टिकवायची तर आठवड्यातून दोनदा, हात न टेकता खुर्चीतून 10 वेळा उठा-बसा.

प्रश्न : 40 दिवस नेमाने सूर्यनमस्कार घातले. भाचीच्या लग्नात सहा दिवस खाडा पडला. आता पहिल्यापासून सुरू करू का? (डोंबिवली)

कशाला? एकेचाळिसाव्या दिवसापासून धरा. सहा दिवसांत शरीर काही विसरत नाही. पहिले दोन दिवस निम्मेच घाला. लग्नातले लाडू उरले असतील, तर तेही निम्मेच.