अनुच्छेद ३५०-ए मधील ‘शॅल’ आणि ‘मे’

खानापूर तालुक्यातील एक शिक्षिका पालकसभेसाठी राज्यघटनेच्या, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाविषयीच्या अनुच्छेद ३५०-ए चा मराठी तर्जुमा करीत आहेत. ‘इट शॅल बी द एन्डेव्हर ऑफ एव्हरी स्टेट’ हे शब्द वाचून त्यांनी विचारले आहे की, ‘शॅल’ तर ‘आय’ आणि ‘वी’ यांनाच लागते ना? शिवाय पुढील ‘द प्रेसिडेंट मे इश्यू’ याचा अर्थ ‘राष्ट्रपती कदाचित निर्देश देतील’ असा घ्यावा काय?

शाळेतला तो नियम साध्या भविष्यकाळापुरता आहे, आणि हल्लीच्या इंग्रजीत तोही फारसा कोणी पाळत नाही. कायद्याच्या भाषेत तृतीय पुरुषी कर्त्याबरोबर येणारे ‘शॅल’ काळ दाखवीत नाही, बंधन घालते. ‘शॅल नॉट’ म्हणजे सरळ मनाई. मराठी अधिनियमांतले ‘राज्य शासन करील’ हेही भाकीत नसून आज्ञाच असते.

‘मे’ची गोष्ट सीमाभागात समजावणे सोपे आहे, कारण आपल्या मुलांच्या कानावर कन्नड असतेच. ‘मळे बरबहुदु’ म्हणजे पाऊस येईल बहुधा, आणि ‘नीवु होगबहुदु’ म्हणजे तुम्ही जायला हरकत नाही. शक्यता आणि मुभा हे दोन्ही अर्थ एकटे ‘बहुदु’ वाहते, तसेच ‘मे’ही. कायद्यात मात्र त्याचा अर्थ सहसा अधिकार असा होतो: निर्देश देण्याची सत्ता राष्ट्रपतींना आहे, ती वापरणे न वापरणे त्यांच्याकडे. (संदर्भ पाहून न्यायालये कधी ‘मे’लाही बंधनाचा अर्थ देतात, पण तो अपवाद.)

खरी मेख ‘एन्डेव्हर’ म्हणजे ‘प्रयत्न’ या शब्दामध्ये आहे. बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात, हा त्याचा विषय. परंतु ‘शॅल’ने बांधला आहे तो प्रयत्न, ‘शॅल प्रोव्हाइड’ असते तर सोयी देणेच बंधनकारक ठरले असते. सीमाभागात हा अनुच्छेद वारंवार सांगितला जातो, तेव्हा हा फरक बहुधा गाळलाच जातो.

तेव्हा तर्जुम्यात ‘प्रत्येक राज्य प्रयत्नशील राहील’ आणि ‘राष्ट्रपतींना निर्देश देता येतील’ अशी रूपे ठेवावीत. नुसते ‘देतील’ लिहिले तर अधिकाराचे कर्तव्य होईल, आणि ‘कदाचित’ घातले तर अधिकारच नाहीसा होईल.