वाद घालायचाच, पण कसा?

प्रश्न: मुलीला पहिलीत मराठी माध्यमात घालायचं का इंग्रजी, यावरून आमच्याकडे रोज वाजतंय. मिस्टर म्हणतात इंग्रजी माध्यमाची मुलं पुढे जातात, मी म्हणते मी मराठीतूनच शिकले, माझं काय अडलं? आणि दीर दोघांचंही खोडून काढतात. प्रत्येकाला आपलंच लॉजिकल वाटतं. मग युक्तिवाद म्हणायचं तरी कशाला? – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, मुलीसाठी घरात एवढं बोलणं होतंय हे चांगलंच आहे. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत, खरं काय ते शोधायला करतात तो वाद, काहीही करून जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं समोरच्याचं पाडायचं ती वितंडा. दीर करतायत ती वितंडा. त्यांना सरळ विचारा, भाऊजी, तुमचं मत काय आणि का?

आता मिस्टरांचा मुद्दा. न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण आहे, डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे तिथे आग असणार, चुलीपाशी आपण बघतोच की. हे बरोबर. पण आग आहे म्हणजे धूर असणारच हे मात्र चुकीचं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात कुठे असतो धूर? धूर यायला ओलं सरपण लागतं, आणि अशी जी लपलेली अट असते ना तिला ते उपाधी म्हणतात. मला हा शोध फार मोठा वाटतो, कारण आपले निम्मे वाद इथेच फसतात. इंग्रजी माध्यमातल्या बऱ्याच मुलांच्या घरी पैसा असतो, शिकलेले आईवडील असतात, क्लास असतात, मग मुलं पुढे गेली ती माध्यमामुळे का घरच्या परिस्थितीमुळे? हे वेगळं केल्याशिवाय ‘म्हणून’ हा शब्द वापरता येत नाही.

तुमचंही तसंच आहे हां, एकट्या तुमच्यावरून सगळ्या मुलांचा नियम निघत नाही. त्यापेक्षा घरच्या भाषेत लहान मुलाला गणित, परिसर पटकन समजतं हे कारण जास्त भक्कम आहे, पण मग इंग्रजी कधी आणि कसं पक्कं करणार याचं उत्तरही तुमच्याकडे तयार पाहिजे.

आणि जुन्या पंडितांची एक सवय जरूर उचला, आधी पूर्वपक्ष मांडायचा. म्हणजे मिस्टरांचं म्हणणं तुम्ही इतकं नीट सांगायचं की ते म्हणतील, हो, मला हेच म्हणायचंय. मग त्यांनी तुमचं सांगायचं. त्यानंतर दोन्ही शाळांमध्ये जाऊन पहिलीच्या बाईंशी बोला, जमलं तर वर्गही बघा आणि मग ठरवा.