प्रमिला दंडवते आणि हुंडाबंदीचा कायदा

प्रश्न : प्रमिला दंडवते एकदाच लोकसभेवर निवडून आल्या होत्या. तरीही हुंडाबंदीचा कायदा आणि महिला आरक्षणाचे विधेयक या दोन्हींचे श्रेय त्यांना दिले जाते. यात तथ्य किती?

उत्तर : श्रेय आहे, पण ते नेमके कशाचे हे पाहायला हवे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा, म्हणजे प्रमिलाताई संसदेत जाण्याच्या कितीतरी आधीचा आहे. तो कागदावर असूनही निरुपयोगी का ठरला, हा प्रश्न लोकसभेत लावून धरणाऱ्यांत त्या अग्रभागी होत्या. विवाहाचा ‘मोबदला’ म्हणून दिलेली वस्तू तेवढी हुंडा, अशी मूळ व्याख्या असल्यामुळे बाकी सारे प्रेमाची भेट म्हणून सुटत असे. शिवाय पोलिसांना आपणहून कारवाई करता येत नसे आणि तक्रार एका वर्षाच्या आत करावी लागे. सासरी नांदणारी कोणती मुलगी वर्षभरात न्यायालयाची पायरी चढणार होती?

१९८० साली जनता पक्षातर्फे मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून निवडून आल्यावर त्यांनी या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे तर मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेले विधेयक, मांडले. आजवर संसदेत जेमतेम चौदा खासगी विधेयके संमत झाली असून त्यांतले शेवटचे १९७० सालचे आहे, त्यामुळे हे विधेयक जसेच्या तसे संमत होणे जवळपास अशक्यच होते. अशा विधेयकाचा खरा उपयोग सरकारला विषय टाळता येऊ नये यासाठी असतो, आणि येथे तो झाला. कायद्याच्या अंमलबजावणीची तपासणी करण्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये सरकारनेच दुरुस्ती आणून व्याख्या रुंद केली व शिक्षा वाढवली. १९८६ मध्ये ती आणखी कडक झाली.

हा आग्रह त्यांनी दिल्लीत गेल्यावरच प्रथम धरला, असे नव्हते. समाजवादी चळवळीत वाढलेल्या प्रमिलाताई मुंबई महापालिकेत नगरसेविका होत्या, आणि मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर १९७२ च्या महागाईविरोधी लाटणे मोर्चाच्या दिवसांत रस्त्यावरही होत्या. आणीबाणीत त्या येरवड्याच्या तुरुंगात होत्या, तर पती मधू दंडवते बंगळूरच्या. महिला दक्षता समिती या स्त्रियांच्या संघटनेच्या कामात हुंड्याची प्रकरणे त्यांच्यासमोर येत राहिली. मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. १९८० च्या लोकसभेत मात्र पती-पत्नी दोघेही सदस्य होते. त्यांची ओळख ‘रेल्वेमंत्र्यांची पत्नी’ एवढ्यावर आटोपणाऱ्यांनी हे सारे पाहिलेले नसते.

आरक्षणाबाबत मात्र आपण ऐकले ते तसे नाही. ते विधेयक सप्टेंबर १९९६ मध्ये देवेगौडा सरकारने मांडले, तेव्हा प्रमिलाताई लोकसभेच्या सदस्य नव्हत्या. त्यांचा वाटा बाहेरून रेटा लावणाऱ्या कार्यकर्तीचा होता आणि मला तो कमी मोलाचा वाटत नाही. गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेलेले ते विधेयक पुढे वारंवार रखडले, आणि प्रमिलाताईंच्या हयातीत संमत झाले नाही. २०२३ मध्ये १०६ व्या घटनादुरुस्तीने आरक्षणाची तरतूद झाली, परंतु तिची अंमलबजावणी जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडलेली आहे.