तीनदा रिलीज झालं तेव्हा कुठे हिट झालं!

वाचकांचे प्रश्न – गाण्यांमागच्या गोष्टी

प्रश्न : आ-हा बँडचं 'टेक ऑन मी' हे माझं अत्यंत लाडकं गाणं. पण माझा एक मित्र म्हणतो की ते आधी दोनदा सपशेल आपटलं होतं, चाललं ते फक्त त्या पेन्सिलच्या चित्रांच्या व्हिडिओमुळे, गाण्यात स्वतःचा असा काही दम नाही. खरं काय?

उत्तर : मित्राचं अर्धं बरोबर आहे. दोनदा आपटलं हे शंभर टक्के खरं, पण दम नाही हे मात्र मी काही ऐकून घेणार नाही.

गोष्ट सुरू होते नॉर्वेत, ऑस्लोला. पॉल वॉक्टार आणि माग्ने फुरुहोल्मेन ही दोन पोरं, त्यांचा 'ब्रिजेस' नावाचा बँड, १९८० साली स्वतःच खटपट करून एक अल्बमही काढला होता. गाण्याच्या सुरुवातीला की-बोर्डवर जी धून वाजते ना, जी एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून जात नाही, ती ह्या काळातलीच. गाण्याचं नाव तेव्हा 'मिस ईरी' होतं. गंमत म्हणजे ह्या दोघांनाच ती धून बँडसाठी नको होती, फारच गोड-गोड वाटत होती म्हणे, त्यांना जरा गंभीर, अंधाऱ्या मूडचं काहीतरी करायचं होतं. पुढे मॉर्टन हार्केट गायक म्हणून त्यांच्यात आला आणि तिघांचा आ-हा झाला, त्याने ती ऐकली आणि ह्यात हिट गाणं आहे हे त्याला लगेच कळलं. मग ती धून पुन्हा बाहेर काढली, 'लेसन वन' नावाचं गाणं झालं, आणि त्याचंच पुढे घासूनपुसून 'टेक ऑन मी'.

तिघं लंडनला गेले. तिथे डेमो (म्हणजे कंपन्यांना ऐकवायचं नमुन्याचं रेकॉर्डिंग) करायला स्टुडिओ निवडला तो का, तर तिथे स्पेस इन्व्हेडर्सचं व्हिडिओ गेमचं मशीन होतं! (मला हे कारण मनापासून पटतं.) पण निवड लागू पडली. स्टुडिओवाला जॉन रॅटक्लिफ त्यांच्या पाठीशी उभा राहिला, त्याच्यामुळे टेरी स्लेटर हा मॅनेजर मिळाला आणि १९८३ च्या शेवटी वॉर्नर कंपनीशी करार झाला. इथपर्यंत सगळं छान.

मग १९८४ मध्ये टोनी मॅन्सफिल्डने निर्मिती केलेलं गाणं बाजारात आलं आणि ब्रिटनच्या चार्टवर थेट १३७ वा नंबर! घरच्या नॉर्वेत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, पण जगाला पत्ता नाही. हे पहिलं व्हर्जन आजही ऐकायला मिळतं, जरूर ऐका, धून तीच, गायक तोच, पण आवाज असा पातळ आणि कोरडा की गाणं जमिनीवरून उठतच नाही. मग अ‍ॅलन टार्नी ह्या निर्मात्याकडे ते नव्याने रेकॉर्ड करायला दिलं. क्लिफ रिचर्डचं 'वी डोन्ट टॉक एनीमोअर' ज्याने लिहिलं तोच हा, त्यामुळे पॉप गाणं कुठे फुगवायचं आणि कुठे मोकळं सोडायचं ह्यात मुरलेला माणूस. आज आपण ऐकतो ते ह्या टार्नीचं व्हर्जन. आणि तेही १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये आधी आपटलंच!

इथे तुमच्या मित्राचा मुद्दा येतो. हेच रेकॉर्डिंग नव्या व्हिडिओसकट तिसऱ्यांदा आलं आणि १९ ऑक्टोबर १९८५ च्या अमेरिकन बिलबोर्ड यादीत एक नंबरला पोचलं. म्हणजे व्हिडिओने दार उघडलं हे कबूल. पण मॅन्सफिल्डच्या व्हर्जनलाही व्हिडिओ होताच की, निळ्या पडद्यासमोर तिघं वाजवतायत आणि काही लोक नाचतायत असा, त्याने काय झालं? काहीच नाही. माझं मत विचाराल तर आधी टार्नीने गाणं उभं केलं आणि मग व्हिडिओने ते लोकांच्या घरात नेलं, ह्यातलं एकही नसतं तर आज तुम्ही हा प्रश्न विचारायला बसला नसता.

बाय द वे, ब्रिटनमध्ये ते शेवटपर्यंत दुसऱ्याच नंबरवर अडकलं, वर जेनिफर रशचं 'द पॉवर ऑफ लव्ह' ठाण मांडून बसलं होतं.

प्रश्न : त्या व्हिडिओतली हलणारी चित्रं कॉम्प्युटरवर केली होती का?

उत्तर : नाही हो, हातानेच! आधी नटांना घेऊन साधं शूटिंग केलं आणि मग त्या फिल्मच्या एकेका फ्रेमवरून पेन्सिलने चित्र काढलं, ह्याला रोटोस्कोपिंग म्हणतात. अशा सुमारे ३,००० फ्रेम काढल्या आणि त्याला १६ आठवडे लागले. चित्रं मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर ह्या जोडीची, दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन, ज्याने मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन'चाही व्हिडिओ केला होता.

नीट बघा, रेषा सतत थरथरत असतात. प्रत्येक फ्रेमचं चित्र वेगळं काढलेलं, त्यामुळे केसांची एक रेघ ह्या फ्रेममध्ये इथे तर पुढच्या फ्रेममध्ये किंचित तिथे. हीच तर सगळी मजा आहे, आज कुणी सफाईदार कॉम्प्युटरने ते 'नीट' केलं तर अर्धी जान निघून जाईल. कॅफेत बसलेली मुलगी कॉमिक वाचतेय, त्यातून पेन्सिलीचा हात बाहेर येतो आणि ती आत जाते, आणि आतमध्ये एक चौकट मध्ये धरली आहे, चौकटीतून बघितलं की माणूस खरा दिसतो आणि चौकटीबाहेर चित्र. एवढी साधी कल्पना! शेवटी तो हिरो कॉरिडॉरच्या भिंतींवर स्वतःला आपटत चित्राचा खरा माणूस होतो, तो प्रसंग १९८० च्या 'ऑल्टर्ड स्टेट्स' ह्या सिनेमाच्या शेवटावरून सुचलेला.

१९८६ च्या एमटीव्ही अवॉर्ड्समध्ये ह्याने सहा बक्षिसं उचलली, पण वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ ठरला डायर स्ट्रेट्सचा 'मनी फॉर नथिंग'. आणि तो कुणी दिग्दर्शित केला होता? स्टीव्ह बॅरननेच. बिचारा स्वतःशीच हरला.

प्रश्न : सिंथपॉप (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणाऱ्या की-बोर्डवर बेतलेलं पॉप) म्हणजे सगळं मशीनच वाजवतं ना? मग कलाकाराचं काय कौतुक?

उत्तर : असं कोण म्हणालं! ह्याच गाण्याचं घ्या. ड्रम लिनड्रम नावाच्या मशीनचे आहेत, पण वर जी झांजेची खसखस ऐकू येते ती खऱ्या झांजा वाजवून नंतर भरलीय. सगळंच मशीनचं ठेवलं असतं तर मिनिटाला १७० च्या आसपास ठोक्यांचा हा वेग शिलाई मशीनसारखा वाटला असता. सिंथेसायझर रोलँड जुनो आणि यामाहा डीएक्स-७, दोन्ही त्या काळात जिकडेतिकडे होते, म्हणजे कोणाकडेही असू शकणारं सामान. ती धून मात्र ह्यांनाच सुचली.

प्रश्न : व्हिडिओतली ती मुलगी आणि गायक, खरंच दोघांचं काही होतं?

उत्तर : होतं. तिचं नाव बंटी बेली, दोघं काही काळ एकत्र होते. पुढचा प्रश्न.

प्रश्न : मी कराओकेवर हे गाणं म्हणायला जातो आणि धृवपदाला दरवेळी आवाज चिरकतो. सूर खाली घेऊन म्हटलं तर जमेल का?

उत्तर : नाही जमणार, आणि ह्यात तुमची चूक नाही. हे धृवपद रचलंयच असं की पहिला सूर पार खर्जात आणि मग एकेक पायरी चढत शेवटचा सूर पार तार सप्तकात, एकूण अडीच सप्तकांहून जास्त अंतर! सूर खाली आणलात की सुरुवातच गुरगुरल्यासारखी होते, वर नेलात की शेवट फाटतो. म्हणूनच हे गाणं कराओकेमध्ये भल्याभल्यांची फजिती करतं.

एक करा, शेवटचा उंच सूर छातीतून ताणू नका, हार्केटसुद्धा तो फॉल्सेटोत, म्हणजे हलक्या वरच्या आवाजात घेतो. त्याच्या आधीचे सूर हळू आवाजात म्हणा, तिथेच जोर संपवलात की पुढे काही उरत नाही. आणि २०१७ मध्ये ह्याच बँडने नॉर्वेत एमटीव्ही अनप्लग्डसाठी (विजेची वाद्यं बाजूला ठेवून गाणी करायचा कार्यक्रम) ह्या गाण्याचं संथ व्हर्जन केलंय, ते ऐकून त्या वेगात सराव करा, तिथे श्वास घ्यायला जागा मिळते.