कलमांची बाग विकून मुलीला स्कॉटलंडला पाठवावे का?

देवगड तालुक्यातील एका बागायतदार वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या कन्येने रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतली असून, स्कॉटलंडमधील एका विद्यापीठात मत्स्यसंवर्धनाच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तिला सप्टेंबर 2026 चा प्रवेश मिळाला आहे. शुल्क, प्रवास आणि राहणे मिळून खर्च 40 लाख रुपये. हापूसच्या बागेला 45 लाख देणारे गिऱ्हाईक आले आहे आणि ते इसार देऊन साठेखताची घाई करते आहे. कर्जाच्या व्याजापेक्षा बाग विकून मोकळे व्हावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपला प्रश्न बाग की कर्ज असा असला तरी खरा हिशेब त्याच्या आधी सुरू होतो. 40 लाख परत येण्याची आपली सारी भिस्त कन्येला तिकडे काही वर्षे नोकरी मिळण्यावर आहे, आणि ती नोकरी तिच्या गुणांइतकीच त्या देशाच्या व्हिसा धोरणावर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी आजवर दोन वर्षांची मुभा होती. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना ती 18 महिन्यांचीच मिळणार आहे, आणि आपल्या कन्येचा अभ्यासक्रम त्यानंतरच संपणार असल्याने तिला नवा नियम लागू होईल. पुढे तिथेच राहायचे तर कुशल कामगार व्हिसा हवा. जुलै 2025 पासून तो बहुतांशी पदवी दर्जाच्या कामांपुरता मर्यादित झाला असून वेतनाची सर्वसाधारण किमान अट वर्षाला 41,700 पौंड आहे, नव्याने नोकरीत येणाऱ्यांसाठी 33,400 पौंड. मत्स्यपालन केंद्रावरचे तंत्रज्ञाचे काम या चाळणीतून सहज पार होईल असे धरून चालता येणार नाही.

हे एकट्या ब्रिटनचे नाही. कॅनडाने 2024 मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि विद्यार्थ्याने खात्यात दाखवायची रक्कम 10,000 डॉलरवरून 20,635 डॉलरवर नेली. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाचे शुल्क 710 डॉलरवरून आधी 1,600 आणि जुलै 2025 पासून 2,000 डॉलर केले. आपल्या विषयाच्या दृष्टीने नॉर्वेचे उदाहरण अधिक बोलके आहे. मत्स्यसंवर्धनात अग्रेसर असलेल्या या देशातील सरकारी विद्यापीठे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही मोफत शिकवत. 2023 पासून तिथेही शुल्क लागू झाले. डेन्मार्कने हे 2006 मध्ये, स्वीडनने 2011 मध्ये आणि फिनलंडने 2017 मध्ये केले होते. विद्यापीठांना परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क हवे असते, सरकारला स्थलांतराचे आकडे खाली आणायचे असतात, आणि या ओढाताणीत नियम विद्यार्थी शिकत असतानाच बदलतात. अशा नियमांच्या भरवशावर घराण्याची जमीन लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बागेविषयी. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही हे आपण लिहिले ते बरोबर आहे, मात्र गाव नगरपालिका किंवा नगरपंचायतीच्या हद्दीपासून ठरलेल्या अंतराबाहेर आहे का हे आधी तपासावे. अडचण दुसरीच आहे. आपणच कळवल्याप्रमाणे सातबारावर आपल्यासह मुंबईतील तीन चुलत भावांची नावे आहेत. वाटप आणि पोटहिश्शाची मोजणी झाल्याशिवाय ठरावीक कलमे आपली म्हणून विकता येत नाहीत, आणि सहहिस्सेदारांच्या सह्या गोळा होईपर्यंत कोणाचा सप्टेंबर थांबत नाही, हे कोकणात कोणाला सांगायला नको. शिवाय आपली दुसरी शेतजमीन नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, म्हणून ही एकदा गेली की पुन्हा बागायतदार होणे कठीण.

कर्जही वाटते तितके सरळ नाही. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात आणि शेतजमीन घ्यायला कचरतात, कारण तारण जप्त करून थकबाकी वसूल करण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली तिच्यातून वसुली करता येत नाही. गावठाणातील घर किंवा मुदतठेव चालते. 40 लाख 10 टक्के दराने घेतले, अभ्यासक्रमाचे एक वर्ष आणि पुढचे एक वर्ष व्याजही भरले नाही, तर देणे 48 लाखांच्या आसपास जाते आणि 15 वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे 51,500 रुपये बसतो. थ्रिप्स किडीने मोहोर गेलेल्या वर्षी वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काय येते हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. परदेशातील पगार गृहीत न धरता, भारतात परतल्यावरच्या पगारातून हप्ता झेपेल इतकेच कर्ज घ्यावे. 15 लाखांवर हाच हप्ता सुमारे 19,300 येतो, म्हणून विद्यापीठाची सवलत किंवा शिष्यवृत्ती मिळून उरलेला खर्च तेवढ्यावर आला, तर जरूर पाठवावे.

तसे न झाल्यास वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत किंवा शिरगावलाच पदव्युत्तर पदवी घ्यावी आणि परदेश पीएच.डी.साठी राखून ठेवावा. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये पीएच.डी. ही सहसा पगारी नोकरी असते. जागा मोजक्या आणि स्पर्धा तीव्र, पण तिथे पैसे भरावे लागत नाहीत, मिळतात. दोन वर्षे नोकरी केल्यास ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीलाही ती पात्र ठरू शकेल, मात्र शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट त्यात आहे.

प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, आणि भरलेली अनामत कोणत्या अटींवर परत मिळते, हे कन्येने विद्यापीठाकडून लेखी मागवावे. व्हिसासाठी लंडनबाहेर दाखवायचा नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च, म्हणजे 10,539 पौंड, आणि उरलेले शुल्क बँकेच्या कर्जमंजुरी पत्रानेही दाखवता येते. त्यासाठी रोख रक्कम उभी करण्याची घाई नाही. गिऱ्हाईकाकडून इसार मात्र घेऊ नये, आणि घेतला असल्यास साठेखतावर सही होण्याआधी वकिलामार्फत परत करून त्याची पोच घ्यावी.