सायकलला बसवलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाचा जोर वाढवण्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये बारीक जेट टाकावा का?

आपले इंजिन चढावर दम टाकते आणि गॅरेजवाल्यांच्या मते मेन जेट (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधला, पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा भाग) बारीक केला की जोर आणि ॲव्हरेज दोन्ही सुधारतील, असे आपण लिहिले आहे. माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. हाच सल्ला आमच्या घरी एकदा मानला गेला आणि त्यावरून झालेला वाद अजूनही मिटलेला नाही.

वडिलांकडे लूना होती. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने बाजारात आणलेली ही ५० सीसीची पायडलवाली गाडी म्हणजे आपल्या इंजिनाची थोरली बहीणच म्हणायची. आम्ही वाईत राहत होतो आणि कामानिमित्त वडिलांना पसरणी घाटातून पाचगणीला जावे लागे. अवघड वळणांवर ते पायडल मारून इंजिनाला हातभार लावत, पण गाडीने कधी दगा दिला नव्हता. पेट्रोल फार पिते, एवढीच तक्रार होती. काकांच्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी त्यावर बारीक जेट बसवून दिला. सपाटीवर गाडी खरोखरच हलकी पळू लागली आणि काका खूश झाले. मात्र ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा आवाज लगेच खाली येत नसे. मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, झाल्याची ही उघड खूण होती, पण मिस्त्रींनी ती ‘पिकअप सुधारला’ या खात्यात जमा केली.

पुढच्याच फेरीला घाटाच्या पहिल्या चढावर, फुल ॲक्सिलरेटरवर असताना, इंजिनातून टणटण आवाज येऊ लागला, गाडी जड झाली आणि जागीच बंद पडली. हेड उतरवले तेव्हा प्लगचे टोक पांढरेफटक होते, पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे होते, रिंग खाचेत अडकली होती आणि सिलिंडरला ॲल्युमिनियम चिकटले होते. बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकावा लागला.

काकांचे म्हणणे आजही असे आहे की वडिलांनी ऑइल कमी घातले. ऑइल कमी पडल्याने प्लग पांढरा होत नाही, आणि तसे जाम झालेल्या पिस्टनवर ओरखडे सहसा एकाच बाजूला न राहता सगळीकडे दिसतात. शिवाय या इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जाते, त्यामुळे जेट बारीक केला की पेट्रोलबरोबर ऑइलही आपोआप कमी होते आणि उष्णता मात्र वाढते. त्या प्रसंगानंतर काका लिटरमागे दुप्पट टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे ऑइल) घालायला लावू लागले. जेटमधून जाणाऱ्या द्रवात ऑइलचा वाटा वाढला की तेवढे पेट्रोल कमी जाते, म्हणजे त्या उपायाने मिश्रण आणखी लीन होत होते आणि सायलेन्सरमध्ये कार्बन साचत होता तो वेगळाच. इंजिनाच्या कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच ऑइल घालावे. उदाहरणार्थ, ५० लिटर पेट्रोलला १ लिटर ऑइल म्हणजे एका लिटरला २० मिली.

आपल्या इंजिनाचे म्हणाल, तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी सायलेन्सर आणि एक्झॉस्ट पोर्टमधला (सिलिंडरमधून धूर बाहेर पडण्याच्या वाटेतला) कार्बन काढावा. चढावर दम टाकण्याचे कारण बऱ्याचदा तिथेच सापडते. मग इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या जोडावर थोडे पाणी फवारावे. आवाज बदलला तर गास्केटमधून (जोडातल्या पॅकिंगमधून) हवा ओढली जात आहे, आणि ती गळती असताना केलेले ट्यूनिंग व्यर्थ आहे. नंतर चढावर फुल ॲक्सिलरेटरवर चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा खटका) किंचित ओढून पाहावा: जोर वाढला तर जेट आधीच लहान आहे, इंजिन घुसमटले तर तो पुरेसा किंवा मोठा आहे. अर्ध्या ॲक्सिलरेटरवरची तक्रार नीडलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरबरोबर वर-खाली होऊन पेट्रोल कमी-जास्त सोडणाऱ्या सुईच्या, क्लिपने सुटते. क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होते, म्हणजे त्यात पेट्रोल वाढते. प्लग कॉफीच्या रंगाचा दिसेपर्यंत एका वेळी एकच बदल करावा.

आपण महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर राहत असाल, तर हवा विरळ असल्याने थोडा बारीक जेट योग्य ठरू शकतो, पण तोच जेट ठेवून खाली उतरून फुल ॲक्सिलरेटर देऊ नये. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे मिश्रण मुळातच थोडे लीन होते, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर बरोबर बसलेला जेटही आज एखाद्या नंबराने मोठा करावा लागू शकतो.