‘सप्रेम भेट’ दोन हजार वर्षांपूर्वीची

प्रश्न : आम्ही चार घरं मिळून मुलांचं होमस्कूलिंग करतो. सहा मुलं आहेत, वय सात ते बारा. इतिहास हातांनी करून शिकावा म्हणून पुठ्ठ्याचे किल्ले केले, कागदी मुकुट केले. मुलं रमली, पण महिन्याभरानं विचारलं तर कुणाला काही आठवेना. काय चुकतंय?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, मुलं रमली हेही थोडं नाही. पण मुकुट करताना त्यांना शोधायला काही उरलं नव्हतं, सगळं आपणच ठरवून दिलेलं. हातांइतकंच डोक्यालाही काम हवं.

पुण्याहून कार्ल्याची लेणी जवळ आहेत. तिथं नेण्याआधी आमच्या गटाला मी एक कोडं घालते. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरचे ब्राह्मी या प्राचीन लिपीतले छोटे लेख कागदाच्या पट्ट्यांवर उतरवून देते, अर्थ सांगत नाही. थोड्या वेळानं कुणाच्या तरी लक्षात येतं की बऱ्याच पट्ट्यांची शेवटची दोन अक्षरं सारखीच आहेत, आणि शेवटच्या अक्षराला टिंब आहे. मग एवढंच विचारते, “आपल्या देवळात पायरीवर, बाकावर, घंटेवर काय लिहिलेलं असतं?” मुलं ओरडतात, “सप्रेम भेट!” कोलकात्याच्या टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेपनं १८३७ मध्ये असाच विचार केला आणि ती अक्षरं ‘दानं’ अशी वाचली. तिथून ब्राह्मी उलगडत गेली. पहिल्या वर्षी मी उत्तर आधीच सांगून टाकलं होतं. तो तास वाया गेला. आता पाऊण तास लागला तरी गप्प बसते.

मग शाडूची माती पाटावर थापायची आणि काडीनं अक्षरं कोरायची. ‘क’ म्हणजे अधिकचं चिन्ह, ‘ठ’ म्हणजे गोल, गोलात टिंब दिलं की ‘थ’. ‘न’ म्हणजे आडव्या रेघेवर उभी काठी. धाकट्यांनाही जमतं.

कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनात, खांबांवर दात्यांचे लेख आहेत. ‘थभो दानं’, म्हणजे खांबाचं दान. आमच्यातल्या नऊ वर्षांच्या मुलीनं ते ‘दानं’ स्वतः वाचलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दात्यांमध्ये धेनुकाकट गावचे यवनही आहेत (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत). यवन इथं कसे आले, यावर परतीच्या गाडीत लोणावळा ते शिवाजीनगर वाद चालला. धेनुकाकट नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचंही एकमत नाही, हे मुलांना जरूर सांगा.

रविवारी जाऊ नका, एकवीरा देवीच्या दर्शनाची गर्दी असते. बॅटरी न्या आणि उजेड समोरून न टाकता बाजूनं तिरका टाका, म्हणजे झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. लेखांवर खडू किंवा हात फिरवू देऊ नका. बोटं फिरवायला घरी शाडूचा पाट आहेच.